रिचार्ज बंद करून वायफायवर फोन: अकरा महिन्यांचा अनुभव आणि ढाळजेचं दुखणं

जानेवारीत एका सकाळी आत्या पहिल्या एस.टी.नं आली. ढाळजेत, म्हणजे दारातल्या बसायच्या जागेत, बाजेवर बसलेल्या अण्णांना बघितलं आणि उंबऱ्यातच मटकन बसली. "अरं, आदल्या दिवशीपासून फोन लावतेय. नंबर सेवेत नाही म्हणतोय. मला वाटलं, काय झालं माझ्या भावाला!" अण्णांचा रिचार्ज मीच बंद केला होता. त्या दिवशी जे वाटलं ते अजून जात नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आम्ही औसा तालुक्यातले. घर जुनं, माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं), दगडमातीच्या अडीच फुटी भिंतींचं. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात मागची पडवी गेली, पुढचं घर टिकलं, आणि अण्णांनी ते कधी पाडू दिलं नाही. पण या भिंतींतून मोबाईलची रेंज आत येत नाही. वर्षानुवर्षं आम्ही शिडी लावून माळवदावर चढून बोललो. पावसात, उन्हात, रात्रीअपरात्री.

पोरीच्या अभ्यासासाठी फायबरचं इंटरनेट घेतलं, महिना 471 रुपये. मग डोक्यात आलं की घरात वायफाय आहे, सगळे व्हॉट्सअॅपवर बोलतात, मग तीन सिमना वेगळा रिचार्ज कशाला? 299 चा रिचार्ज तेव्हा 28 दिवसांचा, म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा. तीन फोनचे 11,661 रुपये. एवढ्यात सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या आल्या असत्या. डिसेंबर 2024 मध्ये तिन्ही रिचार्ज संपू दिले.

पहिले काही दिवस मी फार खूश होतो. पुण्याच्या भावाचा आवाज माजघरात इतका स्वच्छ यायचा की अण्णा म्हणाले, "शेजारी बसल्यासारखा वाटतोय." मग एकेक गाठ पडायला लागली. आधी आउटगोइंग गेलं, थोड्या दिवसांनी इनकमिंगही. बँकेचा ओटीपी येईना. डॉक्टरांच्या दवाखान्यात लँडलाइन, तिथं व्हॉट्सअॅपवरून फोन लागत नाही. आणि आत्याकडं बटणांचा फोन. तिच्यापुरता मी विचारच केला नव्हता. आत्या सत्तरीच्या पुढची, दर गुरुवारी भावाला फोन करते, आणि मी तिचा भाऊच तिच्यापासून तोडून ठेवला. सिम बंद ठेवून नुसत्या अॅपवर राहता येतं असं कोणी सांगितलं, तर घरात म्हातारी माणसं आहेत का ते आधी विचारा.

आत्याला एस.टी.त बसवून आलो आणि त्याच दिवशी तिन्ही नंबर चालू केले. पण जुना पॅक घेतला नाही. फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायनं 23 डिसेंबर 2024 ला कंपन्यांना सांगितलं होतं की ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी नुसत्या कॉल-एसएमएसचे पॅक द्या, वैधता 365 दिवसांपर्यंत. जानेवारीत ते आले. मी वर्षाचा घेतला, 1,849 रुपये. तीन फोनचे 5,547. वर्षाला 6,114 रुपये वाचले आणि नंबर जिवंत राहिले. दुकानदार हा पॅक आपणहून सांगत नाही, मागावा लागतो. मला तर दोनदा डेटावालाच गळ्यात मारायला बघितला.

खरी गोष्ट त्यानंतर कळली. पोरीनं माझ्या फोनच्या सिमच्या सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' नावाचं बटण दाखवलं. आपल्याकडं ही सोय 2019 च्या शेवटी आणि 2020 च्या सुरुवातीला आली. म्हणजे चार-पाच वर्षं ते बटण खिशात होतं आणि मी माळवदावर चढत होतो! ते चालू केलं की नेहमीचाच कॉल टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून जातो. नंबर तोच, अॅप लागत नाही, समोरच्याकडं बटणांचा फोन असला तरी चालतो. पैसे त्याच कॉलच्या पॅकमधले, वेगळे नाहीत. नेट मिनिटाला फार तर एखादा एमबी खातो. आत्याला पहिला फोन माजघरातून लावला, अण्णा तक्क्याला टेकून बोलले. त्या दिवसापासून शिडी गोठ्यात आहे.

अजून एक फायदा मला आधी माहीत नव्हता. घरात आल्यावर फोन विमान मोडवर टाकायचा आणि वायफाय तेवढं चालू करायचं. कॉल येतात-जातात. रेंज शोधून शोधून बॅटरी उतरायची, ते थांबलं. अण्णांचा फोन आता दोन दिवस चालतो. रानात, आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर), वायफायचा प्रश्नच नाही, पण तिथं उघड्यावर टॉवरची रेंज चांगली असते. फक्त घरातून निघताना विमान मोड काढायची आठवण ठेवावी लागते.

आता ढाळज. आमची ढाळज म्हणजे दारातली पुढची बसायची जागा, एका बाजूला गल्ली, दुसऱ्या बाजूला घरातला चौक. अण्णा दिवसभर तिथंच. पाहुणा तिथंच, भांडण तिथंच, सोयरीक तिथंच. राउटर माजघरात. मधे अडीच फुटी दोन भिंती. ढाळजेत वायफायची एक काडी, टॉवरची एक काडी. फोन त्या मरतुकड्या वायफायला चिकटून बसतो, सोडत नाही. अण्णांचा आवाज तुटत तुटत जायचा, मग ते जोरात बोलायचे, मग गल्ली गोळा व्हायची. बोलत बोलत गल्लीत पाऊल टाकलं की कॉल कटच. कॉल वायफायवरून टॉवरवर सरकतो म्हणतात, आणि टॉवरची रेंज भक्कम असेल तर सरकतही असेल, पण आमच्या दारात नाही.

या ढाळजेपायी मी जवळपास दोन महिने घालवले. राउटर 5 गीगाहर्ट्झवरून 2.4 वर आणला, कारण तो भिंतीतून जास्त आत शिरतो. थोडं सुधारलं. राउटर दिवळीतून (भिंतीतल्या कोनाड्यातून) काढून उंच खुंटीवर टांगला. सेटिंगमध्ये 'मोबाईल नेटवर्कला प्राधान्य' करून बघितलं, तर माजघरातले कॉल बिघडले. शेवटी पोरीच्या जुन्या राउटरला वीस मीटर केबल जोडली, ती माळवदाच्या साण्यातून (छतातल्या झरोक्यातून) वर काढून ढाळजेच्या तुळईवर उतरवली. भिंतीला भोक पाडायचं नव्हतं, अण्णांना चाललं नसतं. आता ढाळजेत चार काड्या. हे करायला मला मार्च उजाडला. माळवदाच्या घरात राहणाऱ्यांनो, पहिल्या दिवशीच ही केबल टाका, सेटिंगशी झटापट करू नका.

केबल टाकल्यावर वाटलं आता झालं. मग मे आला. वळवाच्या वाऱ्यात डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली, चार दिवस लाईट नाही. लाईट गेली की राउटर गेला, राउटर गेला की घरात फोन गेला. शिडी परत बाहेर आली. दुसऱ्या रात्री अण्णांची साखर उतरली, कपाळ घामानं भिजलं. मी 108 लावायला माळवदावर अंधारात चढलो. रुग्णवाहिका आली, अण्णा बरे आहेत. पण ती मिनिटं मी विसरणार नाही.

त्यानंतर राउटरसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला, 1,350 रुपये. साडेतीन तास चालतो. तरी लाईट गेल्यावर अर्ध्या तासात नेट बंदच. नेटवाला म्हणायचा, "तुमचा यूपीएस खराब." मी गल्लीभर फिरून बघितलं, सगळ्यांचंच बंद. गल्लीला जिथून नेट येतं, त्या गावच्या चौकातल्या त्याच्या डब्यातली बॅटरी बसली होती. तीन आठवडे रोज फोन केला, दोनदा त्याच्या दुकानात जाऊन बसलो, पावती पुढं ठेवून सांगितलं की बॅटरी बदलल्याशिवाय पुढच्या महिन्याचे पैसे देणार नाही. बदलली. आता लाईट गेली तरी तीन तास फोन चालतो, पूर्ण गल्लीचा.

यूपीएस आणि केबलचा खर्च पहिल्याच वर्षाच्या बचतीतून निघाला. पण नंबर बंद करून नुसत्या वायफायवर राहायचा माझा जो विचार होता, तो मी पूर्ण मागं घेतो. कॉलचा पॅक चालू ठेवा, घरात वायफाय कॉलिंग वापरा, आणि लाईट जाते हे धरूनच चाला. माळवदावर चढायची शिडी ज्यांच्याकडं आहे, त्यांनी ती काढून टाकू नका.

अण्णांचा पॅक जानेवारीत संपतो. ती तारीख ढाळजेतल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिली आहे, आठ दिवस आधीची. आत्यालाही सांगून ठेवलंय.