टर्नपॉइंटची तीन अक्षरी नावं: आठ महिने वापरल्यावर

गेल्या सीझनच्या सुरुवातीला मी माझी जुनी टर्नपॉइंट फाइल, म्हणजे ग्लायडर (इंजिनाशिवाय उडणारं विमान) उडवताना जिथे वळायचं त्या ठरलेल्या बिंदूंची यादी, बंद केली. तिच्यात नावं मनाला येतील तशी होती. तिच्या जागी प्रत्येक बिंदूला तीन अक्षरी कोड, पुढे पूर्ण नाव आणि शेवटी खूण (पूल, चौक, धावपट्टी) अशी फाइल घेतली. सराव आणि दोन स्पर्धा धरून आठ महिने तीच वापरतोय. आता परत मागे जाणार नाही, पण खटकलेल्या गोष्टीही आहेत.

ही पद्धत नवी नाही. ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनच्या यादीत असेच तीन अक्षरी कोड असतात, उदाहरणार्थ लॅशम या ग्लायडिंगच्या मैदानाला एलएएस. आधी मला वाटायचं की जीपीएस असताना नावाला एवढं महत्त्व कशाला? पूर्वीची गोष्ट वेगळी होती. तेव्हा टर्नपॉइंटचा फोटो काढून पुरावा द्यावा लागे, त्यामुळे नक्की कशाचा फोटो काढायचा हे नावातूनच कळायला हवं असे. आता बहुतेक वेळा बिंदूभोवतीच्या ५०० मीटर त्रिज्येच्या काल्पनिक सिलिंडरला स्पर्श झाला की काम झालं. तरी नाव सुटत नाही, कारण टास्क (त्या दिवशी उडायचा ठरलेला मार्ग) उपकरणात भरताना आपण नावच निवडतो, अक्षांश-रेखांश नाही.

खरा फरक पडला तो ग्रिडवर, म्हणजे उड्डाणासाठी ग्लायडर रांगेत उभे असतात तिथे. टास्क बदललं, टो (ग्लायडर ओढून वर नेणं) सुरू व्हायला दहा मिनिटं, ऊन थेट स्क्रीनवर आणि चार बिंदू नव्याने भरायचे. जुन्या फाइलमध्ये एकाच नदीवरचे दोन पूल होते. नाव आधी नदीचं, मग पूल, आणि दिशा सगळ्यात शेवटी. माझ्या जुन्या लॉगरच्या (उड्डाणाचा मार्ग नोंदवणाऱ्या उपकरणाच्या) पडद्यावर आठच अक्षरं मावतात, त्यामुळे दोन्ही पूल अगदी सारखे दिसायचे, उत्तरेचा कोणता आणि दक्षिणेचा कोणता हे कळायचंच नाही. आता तीन अक्षरं टाकली की बिंदू समोर येतो. ज्या अक्षरांनी दोन बिंदू वेगळे होतात ती सुरुवातीलाच हवीत, हे मी तिथे शिकलो.

कोडमध्येही खोट राहते. माझ्या फाइलमध्ये बीआरएम आणि बीआरएन असे दोन बिंदू आले. कागदावर वेगळे, पण रेडिओवर घाईत कोणी एम म्हणालं की एन हे ओळखता येत नाही. शेजारच्या पायलटला 'ब्राव्हो रोमिओ माइक' असं पूर्ण म्हणायला लावलं, तेव्हा शंका फिटली. यादी करणाऱ्यांनी जवळजवळच्या बिंदूंना एकाच अक्षराचा फरक असलेले कोड देऊच नयेत, असं माझं ठाम मत आहे.

काही जण नुसते आकडे वापरतात. तेही चालतं, पण ००७ असे शून्य लावून लिहा. नाहीतर यादी अक्षरानुसार लागते आणि १० नंबर २ च्या आधी येऊन बसतो. मला आकडे आवडत नाहीत. ४२ म्हटल्यावर डोळ्यासमोर जमीन येत नाही.

एक गोष्ट मात्र स्वतः करून चुकलो. कप फाइलमध्ये (टर्नपॉइंट साठवायचा फाइलचा एक प्रकार) बिंदूंच्या खाली साठवलेले टास्क असतात आणि ते बिंदूंना नावानेच ओळखतात. मी मध्येच पाच नावं सुधारली आणि ते बिंदू असलेले जुने टास्क उघडेनात. शिवाय ही फाइल स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या रकान्यांची असते. नावात स्वल्पविराम टाकला आणि अवतरणचिन्हं विसरलात, तर पुढचे सगळे रकाने एक घर सरकतात. उम्लाउटसारख्या (अक्षरावरची दोन टिंबं) खुणा असलेली अक्षरं जुन्या उपकरणांवर कचऱ्यासारखी दिसतात, तीही टाळलेली बरी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्या स्पर्धेच्या आधी आयोजकांनी एका बिंदूची जागा सुधारली होती, पण नाव आणि कोड तेच ठेवले. माझ्या फ्लाइट कॉम्प्युटरमध्ये (मार्ग दाखवणाऱ्या उपकरणात) नवी फाइल टाकायची राहून गेली होती. टास्क भरलं, नावं सगळी बरोबर दिसत होती. पण टास्क शीटवर एकूण अंतर ३१२.४ किमी आणि माझ्याकडे ३११.६. आठशे मीटर कुठे गेले? टेलडॉली (जमिनीवर ग्लायडर हलवताना शेपटीला लावलेलं चाक) काढायच्या आधी प्रत्येक लेग (दोन बिंदूंमधला टप्पा) शीटशी ताडून पाहिला, तेव्हा दुसऱ्या बिंदूत घोळ सापडला. तसाच गेलो असतो, तर माझ्या उपकरणाने वळा म्हटलं असतं आणि मी खऱ्या सिलिंडरच्या बाहेरूनच वळलो असतो. स्कोअरिंगमध्ये लॉगरने नोंदवलेला खरा मार्ग आयोजकांच्या जागेशी जुळवला जातो, माझ्या पडद्यावरचं नाव तिथे उपयोगी पडत नाही. जागा हलवली तर नाव किंवा कोड बदला, निदान त्यात वर्ष तरी घाला. हे मी आयोजकांना लिहूनही दिलं.

तेव्हापासून फाइलच्या नावातच तारीख ठेवतो, जुनी फाइल उपकरणातून काढूनच टाकतो आणि अंतर जुळल्याशिवाय कॅनोपी (कॉकपिटचं पारदर्शक झाकण) बंद करत नाही. घरच्या धावपट्टीचे स्टार्ट, फिनिश आणि उतरायची जागा हे तीन बिंदूही आता तीन वेगळ्या कोडखाली आहेत. पुढच्या सीझनआधी बीआरएनचा कोड बदलायची विनंती यादी सांभाळणाऱ्यांना केली आहे.