‘मेंदू-वर्धक’ बॅच : व्यायाम चोख, जाहिरात सैल

सदाशिव पेठेतील एका व्यायामशाळेने स्पर्धा परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ‘मेंदू-वर्धक’ नावाची सकाळची बॅच सुरू केली असून तिचे तीन महिन्यांचे शुल्क ४,५०० रुपये आहे. साध्या सभासदत्वापेक्षा १,५०० रुपयांनी जास्त. हे वरचे पैसे कशाचे, तर अ‍ॅपवरील ‘स्मृती-गुणांका’चे आणि महिनाअखेरीस हाती पडणाऱ्या रंगीत अहवालाचे. तीन महिने पूर्ण करून हा अभिप्राय लिहीत आहे.

व्यायामाच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. सांधे मोकळे करून झाल्यावर ट्रेडमिल किंवा सायकलवर पस्तीस-चाळीस मिनिटे घालवायची, तीही शेजाऱ्याशी बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने, हा प्रशिक्षकांचा नियम. आणि नवा मुलगा पहिल्याच आठवड्यात जोर दाखवू लागला की ते स्वतः येऊन यंत्राचा वेग कमी करतात. अठरा ते चौसष्ट वयोगटातील प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आठवड्यातून पाच दिवस चालणाऱ्या या बॅचमध्ये तेवढा व्यायाम सहज होतो.

खटकते ते माहितीपत्रक. ‘व्यायामाने हिप्पोकॅम्पस २ टक्क्यांनी वाढतो’ हे वाक्य त्यावर ठळक अक्षरांत छापले आहे. हिप्पोकॅम्पस म्हणजे नव्या आठवणी साठवण्याच्या कामी येणारा मेंदूचा भाग, आणि हा आकडाही खोटा नाही. तो २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातला आहे. मात्र त्या अभ्यासातील १२० जण ५५ ते ८० वर्षांचे होते, त्यांच्यातील एका गटाने वर्षभर नियमित चालण्याचा व्यायाम केला होता, आणि केवळ ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटात हाच भाग वयोमानानुसार आक्रसला होता. आजोबांच्या वयाच्या माणसांवरील निष्कर्ष तेवीस वर्षांच्या मुलाला, तोही तीन महिन्यांच्या बोलीवर, विकणे योग्य नव्हे.

तरुणांविषयी सांगण्यासारखे काही नसते, तर गोष्ट वेगळी. २०१९ साली जर्मन संशोधकांनी १,२०६ तरुण प्रौढांची माहिती तपासली तेव्हा दोन मिनिटांत जास्त अंतर चालून जाणाऱ्यांची आकलनक्षमता सरासरीने चांगली आढळली, आणि मेंदूच्या निरनिराळ्या भागांना जोडणाऱ्या श्वेत द्रव्याची सूक्ष्म रचनाही अधिक सुस्थितीत दिसली. अर्थात हा केवळ संबंध आहे. दमदार चालीमुळे मेंदू सुधारला, असे त्यातून सिद्ध होत नाही. २०१६ च्या दुसऱ्या एका अभ्यासात तरुण आणि मध्यमवयीन व्यक्तींच्या हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग सहा आठवड्यांच्या एरोबिक व्यायामाने वाढला, पण व्यायाम थांबवल्यावर पुढच्या सहा आठवड्यांत तो पूर्ववत झाला. पत्रकावर छापायचेच होते, तर हे छापायला हवे होते. सभासदत्वाचे नूतनीकरण करून घ्यायलाही त्याचाच जास्त उपयोग झाला असता.

अहवालाची गत त्याहून वाईट. अ‍ॅपमध्ये पत्त्यांच्या जोड्या लक्षात ठेवण्याचा खेळ आहे आणि तोच खेळ रोज खेळल्यावर गुण वाढणारच. तो खेळाचा सराव आहे, व्यायामाशी त्याचा संबंध जोडता येत नाही. मेंदूच्या रचनेतील बदल पाहायचा तर एमआरआय लागतो, आणि तिथेही हे फरक इतके बारीक असतात की ते बहुधा अनेकांच्या सरासरीतच दिसतात. इथे मात्र माझ्या आणि शेजारच्या सायकलवरील मुलीच्या अहवालात मेंदूचे चित्र अगदी एकच होते, ‘प्रगती’ दाखवणारा नारिंगी ठिपकाही त्याच जागी.

बाकी जागा स्वच्छ आहे, हवा खेळती आहे. न्हाणीघर मात्र एकच असल्याने आठला अभ्यासिकेत पोहोचायचे असणाऱ्यांची ओढाताण होते, आणि दुचाकी लावायला जागा नाही. पाचपैकी साडेतीन गुण. कापलेला दीड गुण पत्रकाचा आणि अहवालाचा. प्रवेश घेताना ‘अहवाल नको’ असे स्पष्ट सांगितल्यास काउंटरवर साध्या शुल्काचीच पावती फाडतात, वेळ आणि प्रशिक्षक तेच राहतात.