प्री-मेडसाठी निवडलेले कॉलेज: पाच सत्रांनंतरचा अनुभव आणि कमिटी लेटरचा प्रश्न

अमेरिकेत आमच्याच राज्यातील सरकारी विद्यापीठ आम्ही मुलीच्या प्री-मेडसाठी, म्हणजे मेडिकल स्कूलच्या तयारीच्या पदवी शिक्षणासाठी, मुख्यतः फी पाहून निवडले आणि तिचे पाचवे सत्र संपत आले असताना मी त्या निर्णयावर ठाम आहे. इथे बारावीनंतर नीट देऊन थेट एमबीबीएसला जाण्याची सोय नाही. बीएस-एमडीच्या (पदवी आणि मेडिकलला एकत्रित प्रवेश) मोजक्या जागा सोडल्या, तर आधी चार वर्षांची पदवी आणि नंतर चार वर्षांचे मेडिकल स्कूल, असा हा आठ वर्षांचा खर्च आहे. त्यातच २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचे सरकारी कर्ज बंद केले असून, मेडिकलसाठीच्या सरकारी कर्जाला वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरची मर्यादा घातली आहे. पदवीच्या काळात वाचवलेला प्रत्येक डॉलर पुढे लागणार आहे.

पहिल्या वर्षी माझी मोठी तक्रार रसायनशास्त्राच्या वर्गाबद्दल होती. शेकडो मुले, प्राध्यापकांची ओळख होणे अवघड, आणि गुण कर्व्हवर, म्हणजे वर्गातील इतरांच्या तुलनेत. अ‍ॅमकास ही अर्जांची केंद्रीय सेवा जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित यांचा जीपीए (श्रेणींची सरासरी) वेगळा काढते आणि पुन्हा दिलेल्या विषयाची जुनी श्रेणीही त्यात धरते, त्यामुळे एक वाईट सत्र कायमचे मागे लागते. आता मात्र माझे मत बदलले आहे. विद्यापीठाचे स्वतःचे रुग्णालय आवारातच असल्यामुळे तिला शॅडोइंग (डॉक्टरांसोबत राहून त्यांचे काम पाहणे) आणि प्रयोगशाळेतले काम दोन तासिकांच्या मधल्या वेळेत करता येते, आणि त्याच प्रयोगशाळेतून तिला ओळखणारे प्राध्यापकही मिळाले.

खरा मनस्ताप झाला तो कमिटी लेटरचा, आणि कॉलेज निवडताना याविषयी कोणीच बोलत नाही म्हणून मी सविस्तर लिहीत आहे. काही कॉलेजांत प्री-मेड समिती विद्यार्थ्याची मुलाखत घेऊन कॉलेजच्या वतीने एकच शिफारसपत्र देते. जिथे समितीच नाही, तिथे प्राध्यापकांची स्वतंत्र पत्रे चालतात. पण समिती असूनही तिचे पत्र जोडले नाही, तर मेडिकल स्कूल त्याचे कारण विचारू शकते. म्हणजे समिती असणे ही सोयही आहे आणि टांगती तलवारही.

मुलीने भौतिकशास्त्राचा दुसरा भाग, प्रयोगशाळेसह, उन्हाळ्यात जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (स्थानिक सरकारी कॉलेज) केला, कारण तिथली फी विद्यापीठाच्या मानाने फारच कमी होती. रजिस्ट्रारने ते क्रेडिट आधीच मंजूर केले होते. तरीही पुढच्या सत्रात सल्लागार कार्यालयाने कळवले की अनिवार्य विषय बाहेर केलेल्यांचा समिती विचार करत नाही. हा नियम विद्यार्थ्यांना दिलेल्या माहितीत कुठेही छापलेला नव्हता. मी फोन केला तेव्हा विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदी गोपनीय ठेवणाऱ्या १९७४ च्या फेर्पा कायद्यावर बोट ठेवून विद्यार्थिनीच्या लेखी संमतीशिवाय पालकांशी बोलण्यास नकार मिळाला. तो कायदा योग्यच आहे, परंतु त्यामुळे सगळा पत्रव्यवहार ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या परीक्षा तोंडावर असताना तिलाच करावा लागला. अखेर रजिस्ट्रारच्या मंजुरीची जुनी ईमेल तिने जपून ठेवली होती म्हणूनच तिचे नाव समितीच्या यादीत आले. पैसे वाचवणाऱ्या कुटुंबातील मुलांना अशी वागणूक मिळावी, याचा राग अजून गेलेला नाही.

धाकटा मुलगा अकरावीत आहे. त्याच्या वेळी प्रवेश पक्का करण्याचे डिपॉझिट भरण्यापूर्वी आम्ही प्रत्येक कॉलेजकडून लेखी उत्तरे घेणार आहोत: समिती आहे का, पत्रासाठी जीपीएची किमान अट आहे का, बाहेर केलेले विषय चालतात का, आणि मेडिकलला लागलेल्यांची जी टक्केवारी कॉलेज अभिमानाने सांगते, तिच्यात समितीने पत्र नाकारलेली मुले मोजली आहेत का. हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण दुबळे अर्ज आधीच गाळून काढले की उरलेल्यांची टक्केवारी कोणत्याही कॉलेजात उत्तमच दिसते.