ऑक्टाव्हिया व्हीआरएस, खानदेशचा उन्हाळा आणि नव्वदवरचा काटा

आधी काट्याबद्दल बोलतो. स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाची स्पोर्ट्स आवृत्ती, खानदेशात चालवायची असेल तर बाकीचं सगळं त्यानंतर येतं.

पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हियात तापमानाचा काटा इंजिन गरम झालं की बरोबर मध्ये, ९० वर, जाऊन उभा राहतो. मग हलत नाही. गावात हळू चालवा, हायवेला पळवा, फाटकात एसी लावून थांबा, काटा तिथेच. तो हलत नाही म्हणून मालक निर्धास्त असतात. खरं म्हणजे त्याला तसं शिकवलेलंच आहे. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला त्यात फिरणारा द्रव, पंचाहत्तरच्या आसपास पोचलं की तो नव्वद दाखवतो आणि शंभरच्या बऱ्याच पुढे जाईपर्यंत नव्वदच दाखवत राहतो. त्या काळच्या फोक्सवॅगन गटातल्या बऱ्याच गाड्यांची ही पद्धत आहे, चालकाने प्रत्येक चढाला घाबरू नये म्हणून ठेवलेली. थंड मुलखात ते ठीक असेल. भुसावळला मे महिन्याच्या दुपारी पारा पंचेचाळीसवर असताना मला माझ्या इंजिनचं खरं तापमान कळलंच पाहिजे, आणि ते या काट्याकडून कळत नाही.

माझी गाडी २००५ ची आहे. १.८ टर्बो, वीस व्हॉल्व्ह, पाच गिअर, पेट्रोल. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. मागच्या वर्षी पोळ्याआधी संभाजीनगरहून घेतली, किंमत दोन लाखांच्या आत. भारतातल्या ऑक्टाव्हिया तिथेच शेंद्र्याला जोडल्या जायच्या, म्हणजे गाडी जन्मगावातच भेटली. घेऊन निघालो तो कन्नड घाट उतरून चाळीसगावमार्गे घरी. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२३ मध्ये या घाटात जड वाहनांना बंदी घातली, त्यामुळे पूर्वीसारखी ट्रकच्या मागे तासन्‌तास अडकायची पाळी आली नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला जेमतेम पाय लावत, गाडी वळणं घेत खाली आली. स्टेअरिंग हायड्रॉलिक आहे, रस्त्याची खडी तळहाताला कळते. घाटाच्या पायथ्याशी मी ठरवून टाकलं होतं की ही गाडी विकायची नाही.

पहिले काही महिने फक्त मजेचे होते. फैजपूर ते चोपडा या बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर पहाटे निघालं की दोन्ही बाजूंना केळी, ओलसर गार हवा, आणि ट्रॅक्टर बाहेर पडायच्या आधीचा मोकळा डांबर. टर्बो साधारण १,७५० आरपीएमपासून जोर लावायला लागतो. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की क्षणभर काहीच होत नाही, मग गाडी मागून ढकलल्यासारखी उठते. तो मधला क्षण मला फार आवडतो. आजच्या १.५ टर्बो गाड्या कागदावर हिच्याइतक्याच १५० पीएस ताकदीच्या आहेत, टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, हिच्या २१० न्यूटन मीटरपेक्षा जास्तच आहे, मायलेजही चांगलं. मेहुण्याकडे तशी एक आहे, मी चालवली. जोर कधी आला ते तिच्यात कळतच नाही. हिच्यात कळतं. वीस वर्षांची गाडी घेण्याचं एवढं एक कारण मला पुरतं.

आणि डिकी. स्पोर्ट्स गाडी म्हणून मिरवणारी ही गाडी मागची काच वर घेऊन ५२८ लिटरची डिकी उघडते. चंपाषष्ठीच्या आधी बामणोदहून भरताची वांगी आणली, चार घरांची एकदम. आईने त्या दिवशी पहिल्यांदा या गाडीला बरं म्हटलं.

मग मार्च आला. जळगावला एका सिग्नलच्या रांगेत बॉनेटखालून गोडसर वास आला. काटा नव्वदवर. घरी येऊन बॉनेट उघडलं तर कूलंटच्या बाटलीत असायला हवं ते गुलाबी कूलंट नाहीच, चहाच्या रंगाचं पाणी. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी बाटलीत डोकावून हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, काढावं लागेल, रेडिएटर नवा, बाकी उघडल्यावर बघू, असा हिशेब हातात ठेवला. आकडा गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या जवळ. मी विचारलं, हेडखालचं सील, म्हणजे हेड गॅस्केट, गेलंय हे कशावरून? प्रेशर टेस्ट केली का? कूलंटमध्ये एक्झॉस्टचा गॅस तपासला का? तर नाही. तपासल्याशिवाय हेड काढणार आणि पैसे माझे. तिथे माझा आवाज चढला, आणि चढायलाच हवा होता. जुन्या गाडीचा मालक दिसला की त्याला घाबरवून अख्खी असेम्ब्ली विकायची ही सवय मला सहन होत नाही. गाडी तशीच, हळूहळू, घरी आणली.

दुसऱ्या दिवशी सावद्याजवळच्या एका मेकॅनिककडे गेलो. अमळनेरकडचा माणूस, बोलतो अहिराणीत. त्याने बाटलीचं झाकण काढलं, बोट बुडवलं, बोटं एकमेकांवर घासली आणि म्हणाला, "भो, यामा बोरनं पानी टाकेल शे." कुणी टाकलं, कधी टाकलं, याला आता अर्थ नाही. वीस वर्षांत गाडी अनेक हातांतून गेली.

माझा धंदा ठिबकचा आहे, त्यामुळे बोअरचं पाणी म्हटल्यावर मला पुढचं सांगावं लागलं नाही. रावेर-यावलकडे बोअर खोल गेलेत, पाणी जड आहे. हे पाणी लॅटरलमध्ये, म्हणजे ठिबकच्या शेतातल्या नळ्यांमध्ये, फिरलं की क्षार ड्रिपरच्या तोंडाशी बसतात, आणि कोपऱ्यातली झाडं तहानलेली राहतात तरी पंपावरचा दाब ठीकच दिसतो. या गाडीतही नेमकं तेच चाललं होतं. रेडिएटरच्या बारीक नळ्या, हीटरची जाळी, सगळीकडे क्षार. त्यात १.८ टर्बोचा टर्बो नुसत्या ऑइलवर थंड होत नाही, त्याच्या मधल्या भागातून कूलंटही फिरतं. तिथला रस्ता बुजला तर बेअरिंगभोवतीचं ऑइल जळून कोळसा होतं आणि टर्बो जातो. टर्बो गेला तर मग या गाडीत उरतं काय?

आपल्याकडे सर्रास ऐकू येतं की कूलंट बर्फाच्या मुलखासाठी असतं, आपल्याकडे पाणी चालतं. हे साफ चुकीचं आहे आणि मला याचा राग येतो. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं ग्लायकॉल मिसळलं की उकळबिंदू सात-आठ अंशांनी वर जातो, आणि झाकण दाब धरत असेल तर आणखी बराच वर. म्हणजे कूलंटची खरी गरज आपल्या उन्हाळ्यालाच आहे. दुसरं, या इंजिनचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन धातू एकाच पाण्यात राहिले की गंज धरतो, आणि तो थांबवणारी रसायनं कूलंटमध्येच असतात, नळाच्या पाण्यात नाहीत. या गाडीला गुलाबी जी१२ जातीचं कूलंट लागतं. त्यात दुकानात मिळेल ते हिरवं-निळं ओतू नका. काही मिश्रणांचा चिखल होतो. मिसळायला पाणी घ्यायचं ते बॅटरीत टाकतात ते डिमिनरलाइज्ड. पेट्रोल पंपावरचं नको, आरओचंही नको.

आम्ही क्षार काढले ते सायट्रिक ॲसिडने. ठिबकला आम्ही हायड्रोक्लोरिक सोडतो, पण ते ॲल्युमिनियम खातं, गाडीला कधीही लावू नये. सायट्रिक पातळ करून भरलं, इंजिन गरम होऊ दिलं, काढलं, साध्या पाण्याने धुतलं, परत. शेवटचं धुणं डिमिनरलाइज्डने. हे करताना हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, म्हणजे हीटरच्या जाळीतूनही पाणी फिरतं. मार्चच्या उन्हात हीटर लावून बसलो, घामाच्या धारा, पण नळीतून तपकिरी पाणी येत होतं ते शेवटी स्वच्छ झालं तेव्हा मेकॅनिक आणि मी दोघेही खूश. त्यासोबत थर्मोस्टॅट, बाटलीचं झाकण, फुगलेल्या नळ्या, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप. पंप बेल्टवरच चालतो, म्हणून एक उघडलं की दोन्ही बदलावं, मजुरी एकदाच लागते. आणि या इंजिनचा बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हला जाऊन भिडतात, तिथे पैसे वाचवायचे नाहीत. सगळा खर्च वर्कशॉपच्या आकड्याच्या चौथ्या हिश्श्यात बसला. हेडला कुणी हात लावला नाही, लावायची गरजच नव्हती.

त्यानंतर ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा, छोटा रीडर लावला, मोबाइलवर खरं तापमान दिसायला लागलं, आणि माझं मत बदलायला सुरुवात झाली. आधी मी म्हणत होतो की ही गाडी आपल्या हवेसाठी बनलेलीच नाही. रीडरवर दिसलं ते वेगळं. चालत्या गाडीत, बेचाळीस अंशांतही, कूलंट नव्वदच्या थोडं वर असतं. उभ्या गाडीत मात्र झरझर चढायचं. एसी लावला की रेडिएटरचे पंखे हळू वेगाने फिरायला पाहिजेत, ते फिरत नव्हते. हळू वेगाचा रेझिस्टर जळला होता. पंखे फक्त वरच्या वेगाला, म्हणजे पाणी फार तापल्यावर, सुरू व्हायचे. तो दुरुस्त केला आणि एसीही गार झाला. इतके दिवस मी एसीला दोष देत होतो, गॅस भरायच्या गोष्टी करत होतो. एसी चांगलाच होता. म्हणून ते आधीचं मत आता सुधारतो: कूलिंगची रचना दणकट आहे, फक्त तिच्यात गेलेलं पाणी आणि वय तिच्या विरुद्ध होतं. काट्याबद्दलचा राग मात्र तसाच आहे.

ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलबद्दल सगळे विचारतात. मायलेज पडलंय, हो. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, तेव्हा पडणारच. मला हायवेला बारा-तेरा मिळतं, गावात आठ-नऊ. आठवड्याच्या फेऱ्यांना मी बाइकच काढतो. जुनं रबर ई२० सोसेल याची खात्री नाही, म्हणून इंधनाच्या नळ्या बदलून घेतल्या. पण एक गोष्ट या गाडीच्या बाजूने आहे: या पेट्रोलचा ऑक्टेन ९५ आहे आणि टर्बो इंजिनला तो मानवतो. ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोल वेळेआधी पेटत नाही, त्यामुळे चढावर इंजिनची टिकटिक ऐकू येत नाही. ऑइल पूर्ण सिंथेटिक आणि बदल लवकर, यात काटकसर नको.

आरसीचं नूतनीकरणही याच काळात आलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या कारची फी पाच हजारांवरून दहा हजार झाली. पाच वर्षांसाठी आहे, म्हणजे वर्षाला दोन हजार. मला ते जड गेलं, तरी भरले.

एप्रिलच्या शेवटी तोरणमाळला नेली. पहाटे अंधारात निघून चोपडा, शिरपूर, शहादा, म्हसावद. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटरवर आहे आणि सात पायरी घाटाची वळणं एकावर एक येतात. मोबाइल डॅशवर लावला होता. दुसऱ्यात वळण, बाहेर पडताना तिसरा, टर्बोचा फुसकारा, परत दुसरा. आकडा ९४, ९६, एकदा ९९, आणि सरळ रस्ता आला की खाली. बायको शेजारी होती. अर्ध्या घाटात तिने मोबाइल उलटा करून ठेवला आणि म्हणाली, "आता रस्त्याकडे बघा, पाणी ठीक आहे." ठीकच होतं. त्यापुढचा घाट मी काहीही न मोजता चढवला, आणि त्या अर्ध्या घाटासाठी मी ही गाडी दोनदा विकत घेईन. वर यशवंत तलावाशी थांबलो तेव्हा इंजिन लगेच बंद केलं नाही, टर्बो जरा निवू दिला. हे प्रत्येक जोराच्या धावेनंतर करा.

घेणाऱ्यांसाठी: बघायला जाल तेव्हा गाडी थंड असताना बाटली उघडायला लावा. आत गुलाबी दिसलं तर पुढे बोला. तपकिरी दिसलं तर किंमत पाडा, पळून जाऊ नका. हीटर लावून गरम हवा येते का बघा. खानदेशात हीटर कुणी लावत नाही, त्यामुळे तिथला दोष वर्षानुवर्षं लपतो. एसी लावून बॉनेटसमोर उभे राहा आणि पंखे फिरतात का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. छताचं कापड लोंबलेलं असेल, काचेची क्लिप तुटलेली असेल, त्याचं काही नाही.

दुपारी दोनला गाडी मरगळते, हे खरं आहे. गरम हवा टर्बोला मानवत नाही, पहाटेची गाडी आणि दुपारची गाडी यांत फरक जाणवतो. मी दुपारी काढतच नाही. पुढच्या चाकांचे बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या जोडातली रबरं, वाजायला लागलेत, टायरही वर्षभरापेक्षा जास्त जाणार नाहीत. पावसाळ्यात रस्ते असेही पळू देत नाहीत, म्हणून जुलैत गाडी सावद्याला ठेवतोय. नवरात्राच्या आधी दोन्ही कामं उरकतील. कन्नड घाट या गाडीने मी फक्त उतरलोय, चढायचा राहिलाय.