सांगली-मिरजेतलं समुपदेशन: फी भरताय, पण फरक पडतोय का?

समुपदेशन घेणाऱ्यांची फसगत एकाच ठिकाणी होते: 'बोलून हलकं वाटलं' म्हणजे गुण आला, असं धरतात. हलकेपणा घरी पोचेपर्यंत टिकतो.

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरा. गेल्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७; गुण जास्त म्हणजे त्रास जास्त. पहिल्या सेशनआधी भरायची, मग दर २ आठवड्यांनी. ५ गुण उतरले तर फरक खरा. १८ चे १७ झाले तर तो नुसता त्या दिवसाचा मूड. चिंतेसाठी अशीच जीएडी-७ ही प्रश्नावली. नवरा-बायकोच्या भांडणाला मात्र यातलं काही लागू पडत नाही. प्रश्नावलीच्या जोडीला भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात झोपेचे तास लिहा, सकाळीच; रात्री आठवून लिहिलेले आकडे खोटे निघतात.

जुनं दुखणं उकरलं की एखादा आठवडा गुण वाढतात, तेवढं चालायचं. पण ६-८ सेशननंतरही आकडा ढिम्म असेल तर सरळ विचारा, "मॅडम, आपण नेमकं काय साधायचं ठरवलं होतं?" जाणकार समुपदेशक पद्धत बदलतील किंवा औषधासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. प्रश्नावरच चिडल्या, तर दुसरं दार बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्यास आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका.

पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे शून्य नसेल तर पुढच्या सेशनची वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. चोवीस तास, फुकट, मराठीत.