मांजर पोट चाटून उघडं करतंय? स्टीलच्या बारीक फणीबद्दल

पोटाखालचे, मांडीच्या आतले किंवा शेपटीच्या मुळाशी असलेले केस गेले की 'उष्णता झाली' नाहीतर 'खोडच लागली' म्हणून विषय संपतो. पण आधी बघायच्या त्या पिसवा. त्यासाठी ही दीड-दोनशे रुपयांची फणी कोकणातल्या प्रत्येक मांजरवाल्या घरात असायला हवी, असं आमचं ठाम मत आहे.

घेताना दात धातूचेच घ्या. प्लास्टिकचे दात वाकतात आणि पिसू मधून निसटते. टोकं स्वतःच्या मनगटावर फिरवून बघा, बोचली तर ती फणी घेऊ नका. खाऱ्या हवेत साधं लोखंड लगेच गंजतं, म्हणून स्टेनलेस स्टील घ्या, आणि तेही धुतल्यावर पुसून ठेवा.

सुरुवात कमरेपासून शेपटीच्या मुळापर्यंत करा, मग मान आणि हनुवटी. फणी कातडीला टेकवून केसांच्या दिशेने, सावकाश फिरवायची. पाच मिनिटं पुरे. शेजारी वाडगाभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून ठेवा, त्यात पिसू बुडते. साबण नसेल तर ती तरंगते आणि निसटू शकते. फणीत आलेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कापसावर दाबा. थोड्या वेळात भोवती तांबूस डाग पसरला तर ती माती नाही, पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्त.

काहीच सापडलं नाही तरी पिसवा नाहीत असं समजू नका. ज्या मांजराला पिसवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते ते इतकं चाटतं की पिसवा गिळूनच टाकतं. गुदद्वाराजवळ तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर पिसवा गिळल्यामुळे झालेले पट्टकृमी, म्हणजे आतड्यातले चपटे जंत, असण्याची शक्यता मोठी.

फणी पिसवा दाखवते, संपवत नाही. अंडी अंगावरून गळून ओटीवरच्या गोणपाटात, सारवलेल्या जमिनीच्या भेगांत पडतात, आणि आपली दमट हवा त्यांना मानवते. म्हणून मानेवर टाकायचं औषध डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे, घरातल्या सगळ्या मांजरांना किमान तीन महिने द्या. गोणपाट उन्हात टाका. कुत्र्याचं औषध मांजराला चुकूनही नको: त्यात पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलं तर झटके येऊन मांजर दगावू शकतं. फिनेल, कापूर, करंजेलही अंगाला लावू नका. लावलेलं सगळं मांजर चाटून पोटात घेतं.

औषधानंतरही चाटणं थांबलं नाही तर फणीचं काम संपलं, डॉक्टरांचं सुरू झालं. फक्त ओटीपोट चाटत असेल तर मूत्राशयाचं दुखणं असू शकतं. बोका जोर करतोय आणि लघवी येत नाही, तर त्याच घडीला निघा, सकाळची वाट बघू नका. खाण्याची अ‍ॅलर्जी तपासायला किमान आठ आठवडे वेगळंच अन्न द्यावं लागतं. बांगड्या-तारल्यांच्या घरात हे खरोखर कठीण आहे, कारण शेजारणीने प्रेमाने टाकलेलं एक मासळीचं डोकंही सगळा हिशेब बिघडवतं. मानसिक ताण हे निदान हे सगळं तपासून झाल्यावरच.

म्हाताऱ्या मांजराच्या पाठीवर केसांच्या गुठळ्या झाल्या असतील तर उलटी गोष्ट आहे, त्याने चाटणं सोडलंय. सांधे किंवा दात दुखत असतील. तिथे ही फणी ओढू नका, कात्रीही नको, कारण गुठळीबरोबर कातडी वर येते आणि कापली जाते.