घरी विमान बांधायचंय: अ‍ॅल्युमिनियम की फोम-फायबर?

अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या विमानाचं उदाहरण म्हणजे व्हॅन्स या अमेरिकी कंपनीची आरव्ही मालिका. फोमचं म्हणजे विमान-रचनाकार बर्ट रुतान यांचं १९७५ साली उडालेलं व्हॅरीईझ: फोम तापलेल्या तारेने पंखाच्या आकारात कापायचा, त्यावर काचतंतूंचं कापड अंथरून इपॉक्सी (घट्ट होणारं चिकट रेझिन) मुरवायचं. साचा लागत नाही.

आकाराच्या बाबतीत फोम सरस. गुळगुळीत, सलग पृष्ठभागावरून हवा कमी अडथळ्याने सरकते. पत्र्यात मात्र हजारो रिव्हेट ठोकावे लागतात, आणि बरेचदा आतून बकिंग बार (रिव्हेटचं टोक चेपलं जावं म्हणून टेकवायचा धातूचा ठोकळा) धरायला दुसरा माणूस हवाच.

तरीही पहिल्या विमानासाठी मी पत्राच सुचवेन, कारण चूक दिसते. वाकडा बसलेला रिव्हेट ड्रिलने काढून नवा घालता येतो. इपॉक्सीचं प्रमाण चुकलं, खोली फार थंड असली किंवा थरात हवा अडकली, तर दोष पृष्ठभागाखाली दडू शकतो. नाण्याने ठोकून सुटलेल्या थराचा बद्द आवाज शोधतात खरा, पण रेझिन नीट पक्कं झालंय का, हे त्यातून कळत नाही. शिवाय जास्तीचं रेझिन म्हणजे ताकद न वाढवणारं ओझं.

रंगातही फरक आहे. इपॉक्सी उन्हात तापून मऊ पडू नये म्हणून अशी विमानं बहुतेक पांढरीच रंगवतात. पत्र्याला कुठलाही रंग चालतो. त्याला जपायचं ते गंजापासून.

चाचणी उड्डाणाआधी दोन्हींचं वजन करून गुरुत्वमध्य (ज्या बिंदूवर विमानाचं वजन तोललं जातं तो) काढायचाच, आराखड्यातल्या आकड्यावर विसंबायचं नाही. व्हॅरीईझसारख्या पुढे छोटा पंख असलेल्या रचनेत तर तो मर्यादेपेक्षा मागे गेलेला मुळीच चालत नाही.